परमुलखातला बट्टा

सतराव्या शतकात सुरतेवर हुंडी करायची तर अहमदाबादेत शेकडा एक ते दीड रुपया पडे, बऱ्हाणपुरात अडीच ते तीन, आग्र्यात सव्वाचार ते पाच, बनारसला सहा, पाटण्याला सात-आठ आणि ढाक्यात दहा. हे दर झाँ-बातिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने टिपले आणि १६७६ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात दिले. त्यात दोन महिन्यांच्या मुदतीचे व्याजही धरलेले होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आता आजच्या प्रवाशाचा हिशेब मांडू. भारतीय बँकेचे कार्ड परदेशातल्या एटीएममध्ये घातले, की चलनबदलाचा अधिभार लागतो. तो अनेक बँकांच्या दरपत्रकात साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो. शिवाय दर वेळी पैसे काढण्याचे ठरावीक शुल्क, त्यावरचा कर आणि यंत्र ज्या बँकेचे असेल तिने लावले तर तिचे शुल्क वेगळे. पाच हजार रुपयांइतकी रक्कम काढली, साडेतीन टक्के अधिभार पडला आणि वर दीडशे रुपये शुल्क लागले, तर कर सोडूनही खर्च साडेसहा टक्क्यांवर जातो. म्हणजे ताव्हेर्नियेच्या यादीत आपण बनारस ओलांडून पाटण्याच्या वाटेला लागलेले असतो, आणि व्याज तर यात कुठेच नाही.

मधल्या साडेतीनशे वर्षांत बैलांचे तांडे गेले, वाटेवरचे चोर गेले, महिनाभराचा रस्ता काही सेकंदांवर आला. तरी शेकड्याचा हिशेब टिकून का राहिला? मला याचे उत्तर यंत्रांच्या इतिहासात सापडत नाही, ते व्यवहाराच्या इतिहासात सापडते. परक्या मुलखात आपला पैसा हाती पडण्याच्या आड दोन वेगवेगळ्या अडचणी उभ्या असतात. एक ओळखीची: समोरच्याने कोणाच्या भरवशावर पैसे मोजायचे? दुसरी भावाची: आपल्या पैशाचे त्याच्या पैशात किती होतात, हे कोणी आणि केव्हा ठरवायचे? पहिल्या अडचणीवर सराफ, बँका आणि इंजिनिअर यांनी अफाट डोके खर्च केले आणि ती जवळजवळ सुटली. दुसरी सुटलेली नाही. उलट पहिली सुटल्यामुळेच ती दिसेनाशी झाली. पूर्वी भाव ठरताना सराफ समोर बसलेला असे. आता भाव ठरल्याचे कळते ते खात्यातून पैसे गेल्यावर.

शेकड्याची पद्धत आली कुठून, ते आधी पाहू. मोगली रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा. दहा हजार रुपये म्हणजे एकशे पंधरा किलो, लाख रुपये म्हणजे साडेअकरा क्विंटल. एवढे धातूचे ओझे आग्र्याहून सुरतेला न्यायचे तर बैल लागत, शिबंदी लागे, वाटेत जकाती पडत आणि दरोड्याची भीती असे ती वेगळीच. हा सगळा खर्च रकमेच्या प्रमाणात वाढणारा होता. दुप्पट रुपये म्हणजे दुप्पट वजन, आणि गेले तर दुप्पट नुकसान. म्हणून हुंडणावळ शेकड्याने सांगणे रास्त होते. तिला एक नैसर्गिक मर्यादाही होती. सराफ चांदी वाहून नेण्याच्या खर्चापेक्षा जास्त मागू लागला, तर व्यापारी सरळ थैल्या भरून वाटेला लागे. ढाक्याचा दर अहमदाबादच्या कित्येक पट का, याचा उलगडाही अंतर, जोखीम आणि लागणारा काळ यांतच आहे. दर जड होता, पण तो कशाचा होता हे देणाऱ्याला ठाऊक होते.

ओळखीची अडचण हुंडीने ज्या हुशारीने सोडवली, तिचे कौतुक करायला हवे. दर्शनी हुंडी दाखवताच पटायची, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी. रक्कम आकड्यांत लिहायची, मग अक्षरी, आणि वर ‘निमे इतके, त्याचे दुप्पट’ असेही लिहायचे. शंभराचे हजार करू पाहणाऱ्याला पन्नासाचे पाचशेही करावे लागत, आणि तिथे तो सापडे. धनीजोग हुंडीचे पैसे ती बाळगणाऱ्या धन्याला मिळत. शाहाजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारातल्या एखाद्या पतदार शहाच्या हातीच पडत, आणि मागणारा लबाड निघाला तर तो शहा जबाबदार धरला जाई. हुंडी हरवली तर पैठ म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवली तर परपैठ म्हणजे तिसरी. हुंडी सकारली नाही तर नुकसानभरपाई किती, याचा दर बाजाराबाजारात रूढीने ठरलेला असे. ही रूढी इतकी पक्की होती, की १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट लिहिताना इंग्रज सरकारने पौर्वात्य भाषांत लिहिलेल्या अशा कागदांबाबतचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात बाजूला काढून शाबूत ठेवले. आजचे कार्ड, त्यातली चिप, चार आकडी पिन आणि कार्ड हरवल्यावर मिळणारे दुसरे कार्ड ही सारी या शाहाजोग-पैठ व्यवस्थेचीच कामे करतात, फक्त माणसाऐवजी जाळ्यामार्फत.

भावाचे प्रकरण वेगळे. अठराव्या शतकातल्या दख्खनेत ‘रुपया’ एवढेच म्हणून भागत नसे. कोणता रुपया, हे विचारावे लागे. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडी, बागलकोटकडचा मल्हारशाही, सुरती, अर्काटी, औरंगाबादी, नागपुरी. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा, शिवाय नाणे किती जुने यावरही भाव. मोगलांच्या रिवाजात टांकसाळीतून नुकता निघालेला सिक्का रुपया चढ्या भावाचा आणि वर्षे उलटली की तोच चलनी म्हणून उतरता. मराठी राज्यात नाणी पाडण्याचा परवाना खासगी लोकांनाही मिळे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात नागोठणे आणि रेवदंड्याच्या टांकसाळींना असे परवाने दिलेले होते. धारवाडकडे जमीनदारांनी जागोजाग टांकसाळी घालून हिणकस रुपया पाडायला सुरुवात केली, तेव्हा थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत अशा वीसेक टांकसाळी बंद करून एक मध्यवर्ती टांकसाळ घालावी लागली. न्यायमूर्ती रानड्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या चलनावर निबंध लिहिला, त्यात या टांकसाळींचा इतिहास आलेला आहे. अशा बाजारात परमुलखाहून आलेल्या माणसाच्या हुंडीचे पैसे पटले, तरी हाती पडणाऱ्या रुपयांवर बट्टा किती, हे नाणी पारखणारे पोतदार आणि सराफ सांगणार. एक रुपया तीन गावांत तीन भावांनी चालत असेल, तर वाटसरूला तीनदा बट्टा बसे.

यावर कोणी म्हणेल, की बट्ट्यात वावगे काय? हिणकस नाण्यात चांदीच कमी, मग भावही कमीच हवा. झिजलेला रुपया आणि करकरीत रुपया एका भावाने घेणारा सराफ चार दिवसांत दिवाळे काढील. हे खरे आहे, आणि बट्टा म्हणजे निव्वळ लूट असे समजणाऱ्यांना हे सांगितलेच पाहिजे. पण बट्ट्याचे दोन भाग असत. एक धातूचा, तो तराजूवर आणि कसोटीवर तपासता येई. दुसरा भाग अडलेपणाचा. सरकारात वसूल अमुक रुपयांतच भरायचा, हप्त्याची तारीख उद्यावर आलेली, आणि तो रुपया गावात एकाच दुकानात मिळतो, अशा वेळी भाव चांदीवर ठरत नाही. हा दुसरा भाग पारख करणारा आणि नफा घेणारा एकच असल्यामुळे उपजतो. तसे नसते, तर १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात एकशे ऐंशी ग्रेनचा, अकरा-बारांश कसाचा एकच रुपया आल्यावर सराफांना चिंतेचे कारण नव्हते. त्या एका कायद्याने देशातल्या देशात बट्टा हळूहळू नाहीसा होत गेला आणि सराफाच्या धंद्याची एक मोठी बाजूच कोसळली. चांदी तीच, रस्ते तेच, भाव सांगण्याचा अधिकार मात्र दुकानातून उठून कायद्यात गेला.

हुंडीचे गोडवे गाताना आणखी एक आक्षेप टाळता येत नाही: ती होती कोणासाठी? व्यापाऱ्यासाठी, सरदारासाठी, संस्थानासाठी. यात्रेला निघालेल्या साध्या माणसाला पेढीवर कोण विचारणार? द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंनी वाटेत लुटले जाण्याच्या भीतीने नरसी मेहत्याकडून हुंडी लिहून घेतली आणि ती द्वारकेत खुद्द शामळशा सेठच्या रूपातल्या देवाने पटवली, ही कथा गुजरातीत घरोघरी आहे, आणि महिपतीमुळे मराठीतही ती कीर्तनात आली. भक्तिरस क्षणभर बाजूला ठेवला, तर कथेतली आर्थिक बाजू स्वच्छ आहे. आडत्या नसलेल्या माणसाची हुंडी पटायला चमत्कारच लागतो. चमत्कार न झालेल्यांचे काय होई, ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी लिहून ठेवले आहे. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेलेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला, कमावलेले लुटीत गेले आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतला. जवळ रोकड बाळगणे हाच ज्याचा एकमेव मार्ग, त्याची जोखीम शंभर टक्के. या दृष्टीने कार्ड ही मोठीच गोष्ट आहे, आणि जुन्या व्यवस्थेचे दाखले देणाऱ्याने ती कमी लेखू नये.

शिवाय पत मोठी असली म्हणजे पैसा हाती येतोच, असेही नाही. १७६० च्या उन्हाळ्यात सदाशिवरावभाऊ उत्तरेत उतरले तेव्हा त्यांच्यामागे पेशव्यांची सारी दौलत उभी होती, पण ती पुण्यात. दिल्लीत फौजेचा पगार भागेना, म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. पुढे रसदेचा आणि वसुलीचा आधार असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि उरलासुरला ओघही आटला. हुंडी पटायला समोरच्या पेढीत रोकड लागते आणि दोन पेढ्यांमधला हिशेब पुढेमागे मिटेल असा भरवसा लागतो. लढाईने उजाड झालेल्या मुलखात दोन्ही नव्हते. याच्या उलट, चाळीसेक वर्षांनी कंपनीच्या मुंबई सरकारला मराठ्यांशी लढण्यासाठी बंगालचा पैसा पश्चिम किनाऱ्यावर हवा होता, तेव्हा बनारसच्या गोपाळदास-मनोहरदासांसारख्या पेढ्यांच्या हुंड्यांनी तो आणून दिला. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत तोफांची यादी असते. या हुंड्यांचाही एखादा परिच्छेद असायला हरकत नव्हती.

युरोपातही गोष्ट फार निराळी नव्हती. रॉबर्ट हेरिस या लंडनच्या बँकरने १७७२ मध्ये प्रवाशांसाठी फिरत्या चिठ्ठ्या काढल्या, त्या युरोपभरच्या अनेक शहरांतल्या त्याच्या आडत्यांकडे पटत. पुढे टॉमस कुकने आपल्या प्रवाशांसाठी तशाच चिठ्ठ्या काढल्या. अमेरिकन एक्स्प्रेसचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपात फिरताना मोठी शहरे सोडली की त्यांचे पतपत्र कोणी ओळखेना. ते चिडून परतले, आणि कंपनीतल्या मार्सेलस बेरी यांनी १८९१ मध्ये प्रवासी चेक तयार केला. घेताना एक सही आणि वटवताना दुसरी. दोन्ही जुळल्या की ओळख पटली. पण त्या चेकातला खरा महत्त्वाचा भाग माझ्या मते सहीचा नव्हता. सुरुवातीच्या चेकवर वेगवेगळ्या देशांच्या चलनात किती रक्कम मिळेल, हे छापलेलेच असे. भाव प्रवाशाच्या खिशात होता, वटवणाऱ्याच्या गल्ल्यावर नव्हता. ओळखीची आणि भावाची अडचण एकाच कागदाने सोडवण्याचे मला माहीत असलेले हे सर्वांत स्वच्छ उदाहरण. ते शक्य झाले कारण तेव्हा मोठ्या देशांची चलने सोन्याला बांधलेली होती. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि बांध फुटला. युरोपात अडकलेल्या हजारो अमेरिकनांचे कागद बँका घेईनात, अमेरिकी सरकारला ‘टेनेसी’ या युद्धनौकेतून सोने पाठवावे लागले. त्या सुमारास लंडनमध्ये अडकलेल्यांना मदत करणाऱ्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हरही होते.

हिंदुस्थानी रुपयाला तो बांध कधी नीट मिळालाच नाही. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा, आणि १८७० नंतर चांदी घसरत गेली. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. याचा चटका विलायतेत पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाला बसला, पण सारख्या प्रमाणात नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांनी कुरकुर केली, तेव्हा १८९३ मध्ये सरकारने त्यांना हुंडणावळीच्या नुकसानीपोटी भरपाई भत्ता दिला. तो हिंदी करदात्याच्या पैशातून. विलायतेत शिकायला गेलेल्या हिंदी विद्यार्थ्याच्या बापाला असा भत्ता नव्हता. त्याच वर्षी लोकांसाठी चांदीची टांकसाळ बंद झाली आणि पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर टेकवण्यात आला. आता भाव सराफ ठरवत नव्हता की चांदीचा बाजारही नव्हता. तो इंडिया ऑफिस ठरवत होते, लंडनमध्ये कौन्सिल बिले, म्हणजे हिंदुस्थानात रुपयांत पटणाऱ्या हुंड्या, विकून.

या गोष्टीचा अर्थ ज्या मराठी माणसाने सर्वांत खोल जाऊन मांडला, तो स्वतः परदेशात तुटपुंज्या पैशात राहिलेला होता. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पौंड-डॉलरचा भाव तेव्हा बहुतांशी स्थिर होता. १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले ते सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेल्या रुपयांवर आणि मित्राच्या कर्जावर. त्या वर्षी फेब्रुवारीत एका रुपयाला दोन शिलिंग आठ पेन्सांहून जास्त मिळत होते. १९२१ च्या सुरुवातीला सव्वा शिलिंगाच्या आसपास. वर्षभरात रुपयाने विलायतेतली निम्मी किंमत गमावली. सरकारने दोन शिलिंगांचा भाव धरून ठेवण्याचा हट्ट केला आणि तो फसला, याचा तो परिणाम. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात आंबेडकरांचा रोख नेमका इथे आहे: चलन किती काढायचे हे चालवणाऱ्याच्या मर्जीवर सोडले, तर भावही मर्जीवर राहतो, म्हणून ती मर्जी कायद्याने बांधा. त्यांचे हाल आणि त्यांचा सिद्धांत यांचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे उथळपणाचे होईल. इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्सच्या मतांशी त्यांचा वाद हा शुद्ध अर्थशास्त्राचा होता. तरीही, ज्याला महिनाअखेर रुपयाचे शिलिंग करावे लागतात त्याला हा प्रश्न कागदी वाटत नाही, एवढे म्हणायला हरकत नाही.

रुपयाच्या या कहाणीला एक विसरलेली दुसरी बाजू आहे. काही मुलखांत परदेशी जाऊनही चलन बदलावे लागत नसे. एडनपासून मोंबासा-झांझिबारपर्यंत आणि इराणच्या आखातात हिंदी रुपया कित्येक दशके चालला. मुंबईच्या बंदरातून जहाजाने हजला जाणारे कोकणातले, मराठवाड्यातले यात्रेकरू रुपये घेऊनच उतरत. या नोटा बाहेर चालतात म्हटल्यावर त्या देऊन सोने घ्यायचे आणि ते चोरवाटेने हिंदुस्थानात आणायचे, हा धंदा भरभराटीला आला. नोटा अखेर रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि त्यांच्या बदल्यात पौंड द्यावे लागत. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, आणि यात्रेकरूंसाठी ‘हज’ असे छापलेल्या दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा. देशात त्या चालत नसत, बाहेर चालत. सामान्य प्रवाशाला, पेढी नसताना, पत नसताना, ठरलेल्या भावाने परमुलखात पैसा मिळावा अशी व्यवस्था सरकारने केली ती ही. ती फार टिकली नाही. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे चलन आणले. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव पावणेपाच रुपयांवरून साडेसातवर गेला, तेव्हा कतार आणि आजची अमिरातीही बाहेर पडली. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होते. दिल्लीतल्या एका घोषणेने आपल्या बाजारातल्या नोटेची किंमत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरावी, हे कोण सोसेल?

त्यानंतरची पंचवीसेक वर्षे परकीय चलनाच्या टंचाईची. खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला उतरलो, हे वाक्य त्या पिढीच्या तोंडी आहे. तेव्हाचा प्रश्न भावाचा नव्हता, परवानगीचा होता. १९९१ नंतर बंध सैल झाले, २००४ मध्ये साध्या नागरिकाला वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली आणि ती वाढत अडीच लाखांवर गेली. तोवर यंत्र तयार होऊन बसले होते. १९६७ मध्ये लंडनच्या एन्फिल्डमध्ये बार्कलेज बँकेने पहिले नोटा देणारे यंत्र बसवले. ते कल्पणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने शिलाँगचे. ते यंत्र एका वेळी दहा पौंड देई आणि त्याच बँकेच्या गिऱ्हाइकाला. १९८२ मध्ये सायरस आणि प्लस ही जाळी निघाली, आणि एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या, पुढे दुसऱ्या देशाच्या यंत्रात चालू लागले. मुंबईत पहिले एटीएम आले १९८७ मध्ये. ओळखीची अडचण, जिच्यासाठी शहा, पैठ, दोन सह्या असे इतके उपाय झाले, ती इथे संपल्यासारखी झाली.

आणि इथेच भावाची अडचण नव्या रूपात आली. परदेशातले यंत्र पडद्यावर विचारते, रक्कम तुमच्या स्वतःच्या चलनात आकारू का? रुपयांत आकडा दिसतो म्हणून माणूस सुखावतो आणि हो म्हणतो. त्या क्षणी भाव ठरवण्याचा अधिकार कार्डाच्या जाळ्याकडून आणि आपल्या बँकेकडून त्या यंत्राच्या मालकाकडे जातो, आणि तो आपली कसर भावातच धरून ठेवतो. नाही म्हणावे तर भाव कार्डाचे जाळे ठरवते आणि त्यावर आपली बँक अधिभार लावते. दुसरा मार्ग बहुतेकदा स्वस्त असतो, म्हणून स्थानिक चलनच निवडावे हा सल्ला योग्य आहे. पण दोन्हीकडे पैसे देणाऱ्याला एकूण आकडा आधी कळत नाही, हा मुद्दा शिल्लक राहतो. पोतदाराच्या दुकानात निदान शेजारच्या दुकानाचा भाव विचारता येई.

बँकांची बाजू अशी, की रकमेबरोबर चलनाची जोखीमही वाढते, म्हणून टक्केवारी. यात तथ्य आहे, पण अर्धेच. हिशेब पुरा होईतो जे दोन-तीन दिवस जातात त्यांतली घसरण किरकोळ, आणि जाळ्याच्या भावात ठोक बाजाराचा खर्च बहुतांशी आलेला असतो. बँकेचा अधिभार त्याच्यावर पडतो. चांदी वाहून नेताना दुप्पट रकमेला दुप्पट बैल लागत. संदेश पाठवताना पाच हजारांना आणि पन्नास हजारांना तेवढेच काम पडते. त्या कामापोटी ठरावीक शुल्क घेतलेलेच असते. मग ज्या खर्चासाठी शेकडा होता, तो खर्च गेल्यावर शेकडा कशाचा? फसवणुकीचे दावे, विमा, कर्मचारी असा खर्च आहे, हेही मान्य. तो असेल तर वेगळा दाखवता येतो. एकच टक्का का, तीन का, साडेतीन का, याचे उत्तर खर्चात नसून प्रवाशाच्या अडलेपणात आहे, असे मानायला बट्ट्याचा इतिहास भाग पाडतो. हल्ली काही कार्डे अधिभार शून्य करून विकली जातात. तेवढ्यात भागत असेल, तर साडेतीन टक्क्यांचे समर्थन आणखी कठीण होते.

राजसत्तेचा हात मात्र आजही सगळ्यांच्या वर आहे. २०१५ च्या जूनअखेर ग्रीसने बँका बंद केल्या आणि ग्रीक कार्डावर दिवसाला साठ युरोंची मर्यादा घातली. परदेशी कार्डांना ती नव्हती. पाहुण्याला घरच्यापेक्षा मोकळीक, असा प्रसंग विरळा. २०१६ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे उलट झाले: भारतात आलेल्या परदेशी प्रवाशाला आठवड्याला पाच हजार रुपयांपर्यंतच चलन बदलून मिळत होते. २०२२ च्या मार्चमध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातला कारभार थांबवला आणि बाहेरच्या बँकांची कार्डे तिथे निकामी झाली. कार्ड तेच, खाते तेच, शिल्लक तीच. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० च्या आदेशाने नवी कार्डे फक्त देशातल्या वापरासाठी चालू ठेवून परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा असे ठरवले. फसवणूक रोखण्यासाठी ते शहाणपणाचेच आहे, पण हे न करता विमानात बसलेल्यांना यंत्रापुढे त्याचा अर्थ कळतो.

भावाच्या बाबतीत एक पाऊल युरोपीय संघाने टाकले आहे. २०१९ च्या नियमानुसार, १९ एप्रिल २०२० पासून, स्वतःच्या चलनात आकारणी देऊ करणाऱ्या एटीएमला आपला भाव युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्क्यांनी महाग आहे, हे पैसे निघण्याआधी सांगावे लागते. अमेरिकन एक्स्प्रेसच्या छापील भावाशी याची बरोबरी होत नाही, कारण इथे भाव बांधलेला नाही, फक्त उघडा केलेला आहे. शिवाय नियम संघाच्या आतल्या व्यवहारांसाठी आहे. भारतीय कार्डांसाठी असे करायला काही नवे शोधावे लागणार नाही. रुपयाचा संदर्भ दर कामकाजाच्या दर दिवशी जाहीर होतो; २०१८ पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही कंपनी करते. पैसे काढल्यावर बँकेचा एसएमएस येतोच, त्यात वजा झालेले रुपयेही असतात. त्या आकड्याशेजारी त्या दिवसाच्या संदर्भ दराशी पडलेला फरक टक्क्यांत लिहिणे, हे एका ओळीचे काम आहे.